केमोच्या फायलीत एक पान कमी आहे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

केमोथेरपी चालू असलेला रुग्ण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांखेरीज जे जे काही घेतो, म्हणजे हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीच्या गोळ्या, गव्हांकुरांचा रस, जीवनसत्त्वे, प्रोटीन पावडर, ते त्याच्या केमोबरोबर चालते की नाही हे नेमके कोण तपासते, एवढाच प्रश्न मला या पत्रातून विचारायचा आहे. गेल्या वर्षभरातल्या माझ्या अनुभवापुरते त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे, आणि त्या ‘कोणीच’मध्ये मी स्वतःही येतो.

मी ठाण्यात, नौपाड्यात, ३१ वर्षे औषधांचे दुकान चालवले. दुकान पुतण्याच्या हाती देऊन निवृत्त झालो त्याच सुमारास माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर आधी ‘लाल औषध’ म्हणतात त्या केमोचे चार डोस झाले आणि मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे दुसरे औषध सुरू झाले. सातव्या डोसाआधीच्या तपासणीत तिचा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, जो एरवी चाळीसच्या आत असायला हवा, तो दोनशेच्या वर निघाला. डोस पुढे ढकलला गेला, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी विचारले, “दुसरे काही औषध घेता का?” तिने ‘नाही’ म्हणून सांगितले आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मीही मान हलवली. (रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, एकाच ठिकाणी असे घडते, असा समज व्हायला नको.)

घरी आल्यावर चहा-साखरेच्या डब्यांमागे तीन बाटल्या सापडल्या. डोंबिवलीला राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीने त्या प्रेमाने आणून दिल्या होत्या: काळ्या मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल, गुळवेल घनवटी आणि केस परत यावेत म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व. पत्नी खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेले ते. हळद आणि गुळवेल या आपल्या घरच्या वस्तू. पूर्वी आजाऱ्याला भेटायला जाताना लोक शहाळे किंवा मोसंबी नेत, आता पावडरीचे डबे नेतात, आणि जे पाहुण्याने भेट म्हणून दिले त्याला औषध म्हणायचे कोणाच्या मनात येत नाही. ज्याचा जन्म औषधे विकण्यात गेला त्याच्याच स्वयंपाकघरातली ही गोष्ट आहे, म्हणून ती लिहिताना मला संकोच वाटतो. पण लिहिणे भाग आहे.

तिन्ही बाटल्या बंद केल्या, दोन आठवड्यांनी आकडा उतरू लागला आणि उपचार पुढे सुरू झाले. यावरून गुळवेलच दोषी, असे मी म्हणणार नाही, कारण पॅक्लिटॅक्सेलनेही यकृताचे आकडे वाढतात. पण अडचण नेमकी तीच होती. आकडा केमोने वाढला असेल तर डोस कमी करायचा की थांबायचे, हे ठरवावे लागते. बाटलीतल्या गोळ्यांनी वाढला असेल तर गोळ्या बंद करून केमो पूर्ण मात्रेत देता येते. तीन अनोळखी गोष्टी मध्ये आल्या की हा निवाडा करणे कोणाही डॉक्टरला अवघड होते, आणि त्याची किंमत रुग्ण पुढे ढकललेल्या डोसाने मोजतो.

गुळवेलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण करोनाच्या काळापासून ती आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची गल्लत झाली असावी, असे म्हटले. हा वाद तज्ज्ञांनी खुशाल सोडवावा. जांभळी नाक्यावरून आणलेल्या कांडातली किंवा ऑनलाइन मागवलेल्या बाटलीतली वेल नेमकी कोणत्या जातीची, हे ओळखण्याचे साधन मात्र रुग्णाकडे नसते. त्यामुळे आक्षेप खरा मानला तरी केमो चालू असलेल्या माणसाची धास्ती त्याने कमी होत नाही.

आता हळद. आमटी-भाजीतल्या हळदीबद्दल माझी काही तक्रार नाही आणि ती कोणी सोडावी, असे मी सुचवतही नाही. पण कॅप्सूल म्हणजे आमटी नव्हे. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन या तिच्या मुख्य घटकाचे प्रमाण साधारण तीन टक्के असते, म्हणजे तीन ग्रॅमच्या लहान चमचाभर हळदीत नव्वद-शंभर मिलिग्रॅम. बाजारातल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर बहुधा ‘९५ टक्के’ असे छापलेले असते. म्हणजे एकेक कॅप्सूल पाच चमचे हळदीच्या बरोबरीची झाली, आणि लोक अशा दोन-तीन घेतात. त्यात मिरीचा अर्क असतो, कारण कर्क्युमिन एरवी रक्तात फारसे उतरत नाही. मिरीतल्या पिपरिनमुळे ते माणसाच्या शरीरात वीस पटींनी अधिक शोषले जाते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले आणि तेव्हापासून हाच आकडा बाटल्यांवर अभिमानाने मिरवतो. पण पिपरिन हे करते कसे? आतड्यातले आणि यकृतातले जे घटक परक्या रसायनांना अडवतात आणि त्यांची विल्हेवाट लावतात, त्यांनाच ते थोपवते. केमोची अनेक औषधेही त्याच वाटेने जातात. दारातला पहारेकरी बाजूला केला की आत फक्त हळदच शिरेल, असे धरून चालता येत नाही.

परिणाम नेहमी औषध वाढवण्याकडेच होतो, असेही नाही. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ साली स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांवर प्रयोग केला, तेव्हा कर्क्युमिन आणि पिपरिन एकत्र घेतल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारा एंडॉक्सिफेन हा मुख्य कामाचा घटक सुमारे १२ टक्क्यांनी घटलेला आढळला. युरोपात मन प्रसन्न राहावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इरिनोटेकान या औषधाच्या सक्रिय घटकाचे रक्तातले प्रमाण ४२ टक्क्यांनी खाली आणले होते. ते संशोधन २००२ सालचे आणि मोजक्याच रुग्णांवरचे असले, तरी त्यानंतर ती वनस्पती कर्करोगाच्या रुग्णांसाठी सर्वत्र वर्ज्य मानली जाते. उलट ग्रेपफ्रूटने आतड्यातला तोच मार्ग अडतो आणि काही औषधे रक्तात जास्त चढतात. ग्रेपफ्रूट आपल्याकडे कोण खातो, असे वाचक विचारतील. पण गणपतीच्या दिवसांत ठाण्याच्या बाजारात ढिगाने येणारे पपनस हे त्या ग्रेपफ्रूटचे थेट पूर्वज आहे आणि तो गुण त्यातही असतो. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरच्या बोर्टेझोमिबला ग्रीन टीमधला मुख्य घटक चिकटतो आणि ते निकामी करतो, हे २००९ साली प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसले. त्या रुग्णाने ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या टाळाव्यात. दुसरे औषध घेणाऱ्याला हे उदाहरण लागू पडेलच, असे नाही.

हे शेवटचे वाक्य माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. ‘अमुक गोळी चांगली की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण फॉलिक अॅसिडचे आहे. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पेमेट्रेक्सेड द्यायचे असेल, तर जवळजवळ आठवडाभर आधीपासून फॉलिक अॅसिडची गोळी रोज आणि बी-१२चे इंजेक्शन द्यावेच लागते. न दिल्यास रक्तपेशींवर आणि तोंडा-आतड्याच्या अस्तरावर गंभीर दुष्परिणाम होतात. मेथोट्रेक्सेट या केमोच्या दुसऱ्या औषधाचे सारे काम फॉलिक अॅसिडचा मार्ग अडवण्यावर चालते, तेव्हा त्याच्याबरोबर स्वतःच्या मनाने फॉलिक अॅसिड घेणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. आणि घरी गोळ्यांच्या रूपात घेतल्या जाणाऱ्या केपसायटाबिनबरोबर तेच फॉलिक अॅसिड भरपूर गेले, तर त्या औषधाचा त्रास, म्हणजे जुलाब आणि हातापायांची साल निघणे, वाढू शकतो. जीवनसत्त्व एकच, दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारे, आणि तीन रुग्णांसाठी तीन वेगळी उत्तरे. मी स्वतः ते वर्षानुवर्षे काउंटरवरून दिले आणि एकालाही ‘केमो चालू आहे का’ असे विचारले नाही.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा मुद्दा अजून अनिर्णित आहे, तेव्हा तो घाईने निकालात काढू नये. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या ११३४ रुग्णांची माहिती २०२० साली प्रसिद्ध झाली. केमोच्या आधी आणि केमोदरम्यान क आणि ई जीवनसत्त्वांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत रोग पुन्हा उद्भवण्याचा कल अधिक दिसला, पण तो आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरला नाही; बी-१२ची गोळी घेणाऱ्यांत मात्र तो कल ठळक होता. साध्या मल्टिव्हिटॅमिनचा असा संबंध आढळला नाही. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची खरीखुरी कमतरता असलेले लोक खूप आहेत. त्यांनी हे वाचून गोळी फेकून देऊ नये, रक्तातले प्रमाण मोजून डॉक्टरांना विचारावे.

पॅक्लिटॅक्सेलने हातापायांना मुंग्या येतात आणि बोटे बधिर होतात, तेव्हा ‘नसांची ताकद’ म्हणून अॅसिटिल एल-कार्निटिन कोणीतरी सुचवतोच. त्यावर ४०९ महिलांना घेऊन रीतसर चाचणी झाली. तिचा निकाल २०१३ साली आला आणि त्यात गोळी घेणाऱ्यांच्या मुंग्या कमी होण्याऐवजी वाढलेल्या आढळल्या. एरवी निरुपद्रवी वाटणारी गोळी ज्या त्रासासाठी घ्यायची तोच त्रास वाढवते, हे चाचणीशिवाय कोणाच्याही ध्यानात आले नसते.

औषधांच्या आपसांतल्या भांडणाव्यतिरिक्त आणखी एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे काउंट. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना तलावपाळीवर किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या जॉगिंग ट्रॅकबाहेर मिळणारा गव्हांकुरांचा, दुधीचा, कारल्याचा कच्चा रस घेणे धोक्याचे असते. त्यात दोष गव्हांकुरांचा नसतो. पाणी, मिक्सर आणि न उकळलेला पाला यांतून जंतू पोटात जातात आणि त्यांना अडवायला पेशी नसतात. प्रोबायोटिकच्या पुड्यांतले जिवंत जंतूही अशा वेळी क्वचित रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. प्लेटलेट कमी असताना माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि तिसऱ्या बाटलीतल्या त्या बायोटिनने शरीराचे काही बिघडवले नसेलही. पण ते मोठ्या मात्रेत घेतले तर थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिली होती. आकड्यांवर उपचार ठरत असताना आकडाच खोटा निघाला, तर पुढचे काय सांगावे?

‘बाटलीवर सरकारी नंबर आहे’ हे उत्तर मी काउंटरवर कित्येकदा ऐकले आणि खरे सांगायचे तर दिलेही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १४ अंकी क्रमांकाचा अर्थ इतकाच की उत्पादकाकडे अन्नपदार्थ बनवण्याचा परवाना आहे. कर्करोगाच्या औषधाबरोबर तो पदार्थ कोणी तपासला, असा त्याचा अर्थ होत नाही. हे पूरक पदार्थ औषध म्हणून वापरण्यासाठी नाहीत, असे लेबलवर छापण्याचे बंधनच आहे, फक्त ती ओळ भिंगाशिवाय वाचता येत नाही. शिवाय आत तेच आहे का, हा प्रश्न उरतोच: केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पण ‘लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पटींनी प्रभावी’ हा निरोप आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर वर्षातून दोनदा येतो, आणि तो आकडा प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवरचा आहे, हे पुढे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते.

मग रुग्णाने विचारावे कोणाला? गर्दीच्या ओपीडीत दोनच उत्तरे ऐकू येतात, ‘काहीही घेऊ नका’ आणि ‘घ्या, काही हरकत नाही’, आणि दोन्ही बाटली न पाहता दिलेली असतात. पहिले उत्तर ऐकलेला रुग्ण पुढच्या वेळी लपवतो आणि दुसरे ऐकलेला आणखी एक डबा आणतो. माझा रोख आयुर्वेदावर आहे, असे कृपया कोणी समजू नये. चांगला वैद्य चालू औषधांची यादी आधी मागतो, हे मी पाहिले आहे. त्याला केमोच्या औषधांची नावे लिहून नेऊन द्यावीत आणि त्याने काय दिले, ते कर्करोगतज्ज्ञांना सांगावे. दोघांपैकी एकाला अंधारात ठेवून दुसऱ्याकडून नीट सल्ला मिळत नाही.

माझी मागणी लहान आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक केमो डे केअरच्या फायलीत मराठीत छापलेले एक पान असावे आणि त्यावर प्रश्न ‘दुसरे औषध घेता का’ असा नसावा, तर ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत जेवणाखेरीज तोंडावाटे काय काय जाते’ असा असावा: काढा, रस, पावडर, कॅप्सूल, अंगारा, शेजाऱ्याने दिलेले चूर्ण, सगळे. प्रत्येकापुढे मात्रा आणि सुरू केल्याची तारीख असावी, आणि बाटली किंवा तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो सोबत आणायला सांगावे, कारण ‘हिरव्या झाकणाची, ताकदीची’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. हे पान पहिल्या डोसाआधी भरावे आणि दर खेपेला रक्ताच्या रिपोर्टबरोबर पुन्हा पाहावे, कारण पाहुणे पहिल्या डोसानंतरच येऊ लागतात.

ते पाहायला डॉक्टरांना वेळ नसेल, तर त्यासाठी माणसे आहेत. आपल्या देशात फार्म.डी. या औषधशास्त्राच्या पदवीचा अभ्यासक्रम २००८ सालापासून चालू आहे आणि औषधांचे परस्परांवरचे परिणाम हा त्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा गाभाच आहे. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून उभे आहे, त्याच संस्थेचे अॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आपल्या खारघरला आहे; एवढे ज्ञान हाताशी असलेल्या भागात हा एक कागद तयार करणे अशक्य नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने वनस्पती आणि पूरक गोळ्यांची, त्यांच्या औषधांशी होणाऱ्या झटापटींसह, माहिती २००२ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे. हळद, अश्वगंधा, गुळवेल सारे त्यात आहे, पण इंग्रजीत. नातवाकडून वाचून घ्यावे, डॉक्टरांना दाखवावे, मात्र त्यावरून स्वतः निर्णय घेऊ नये. काही त्रास झालाच, तर तो औषधविषयक दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. माझ्या दुकानात हा क्रमांक मी कधी लावला नव्हता. पुतण्याने आता काउंटरवर चिकटवला आहे.

पत्नीचे पॅक्लिटॅक्सेलचे बाराही डोस पूर्ण झाले. उरलेले डोस चालू असताना आमच्या फ्रिजवर एक कागद होता आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाने आणलेली वस्तू, तिच्या थोरल्या बहिणीचीसुद्धा, आधी त्या कागदावर जाई आणि दर मंगळवारी माझ्या खिशातून डॉक्टरांच्या टेबलावर. ठाण्यातले एखादे केंद्र असे पान सुरू करणार असेल, तर आठवड्यातून दोन सकाळी तिथे बसून रुग्णांकडून ते भरून घ्यायला मी विनामोबदला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधविक्रेता
नौपाडा, ठाणे (पश्चिम)